आलेल्याला ‘बरं झालं’

आमच्या घरात नियम एकच होता आणि तो कुठं लिहून लावलेला नव्हता. फाटकातून आत आलं, तीन दगडी पायऱ्या चढल्या, की मोठ्यानं ‘आले’ म्हणायचं, पुरुषानं ‘आलो’ म्हणायचं, आणि ज्याच्या कानावर ते पडेल त्यानं असेल तिथून ‘बरं झालं’ म्हणायचं. बाकी सगळ्याला मुभा होती. जेवायला उशीर झाला तर चालायचं, रेडिओ मोठ्यानं लावला तर चार शब्द ऐकून घेतले की चालायचं. पण न सांगता आत शिरणं चालत नसे आणि आलेल्याला उत्तर न देणं तर मुळीच नाही. बाहेर हे कुणाला सांगितलं की लोक हसत. त्यांचंही बरोबर होतं. पुण्यात ‘बरं झालं’ हे बहुतेक करून कुणी सायकलवरून पडलं की म्हणतात.

‘आमच्या घरात’ असं सवयीनं लिहून गेले, पण घर आमचं नव्हतं. पुण्याच्या लष्कर भागातला तो जुना दगडी बंगला कुणा व्यापाऱ्यानं आपल्या भल्यामोठ्या खटल्यासाठी बांधला होता. तिन्ही बाजूंना व्हरांडा, व्हरांड्यात उघडणारी बारा दारं, प्रत्येक दारावर रंगीत काचांची अर्धगोल खिडकी आणि वळचणीला कातरलेल्या लाकडाची झालर. पुढं कुटुंब पांगलं, एक मुलगी तेवढी मागं राहिली. ती आजारी असताना लीलाताई नावाच्या परिचारिकेनं तिची सेवा केली, आणि जाताना तिनं बंगला त्यांच्या हाती सोपवला. अट एकच, ज्यांना परत जायला घर नाही त्यांनी इथं राहावं. लीलाताईंनी ती शब्दशः पाळली. मी नववीत होते तेव्हा तिथं सोळा माणसं होती. कुणी मनाच्या आजारातून उठलेलं, कुणी वयानं थकलेलं, कुणी नुसतंच एकटं. ‘आले’ आणि ‘बरं झालं’ हा नियमही लीलाताईंचाच. इस्पितळात तीस वर्षं काढल्यावर त्यांचं एक मत झालं होतं की माणूस आल्याचं निदान एकाला तरी बरं वाटलं पाहिजे, आणि वाटत नसेल तर म्हणून म्हणून सवयीनं वाटायला लागतं.

माझे अब्बा सुतार. आमच्या चार पिढ्या पुण्यातच गेल्या, सगळ्या रंधा मारण्यात. पावसानं फुगलेलं एक दार घासायला म्हणून अब्बा त्या बंगल्यात आले आणि मग मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाडच आलं. “एक दरवाजा घासने को आये, ग्यारा बाकी थे, इसलिए रह गये,” असं अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती स्वयंपाक सांभाळायची. सकाळी बेकरीवाल्याच्या सायकलची घंटी, मग अम्मीच्या फोडणीचा चर्रकन आवाज, मग अब्बांचा रंधा. दुपारी उन्हानं कौलं तापली की वर कुणीतरी बोटं मोडत बसलंय असं वाटायचं. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं एवढं मोठं असायचं की ते उतरवायला दोघं लागत, आणि लीलाताई दरवर्षी “मला साखर वर्ज्य आहे” असं म्हणून तीन वाट्या घेत.

मागच्या अंगणात सखूबाईंची भाजी होती. सखूबाई धायरीच्या, शेतकऱ्याघरच्या. नवरा गेला, पोटी मूल नाही, आणि दिराच्या घरात आपण कोण लागतो हे रोज नव्यानं आठवण करून द्यायचा कंटाळा आला म्हणून इथं आलेल्या. पहिला महिनाभर त्यांनी आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. अम्मीनं एका शब्दानं विचारलं नाही, नुसतं रोज त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं. एका दुपारी ते ताट रिकामं परत आलं आणि सखूबाई मला म्हणाल्या, “तुझ्या आयचं वरण माझ्या जावंपरीस बरं हाय. पर जावंला सांगू नगंस.” मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आज येत नाही. इतक्या उशिरा का होईना, माणूस स्वतःहून ताटापाशी आलं, याचं मला आता जास्त मोल वाटतं.

आणि दत्तूकाका. पुढच्या दाराशी वेताच्या खुर्चीत ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसत. नियम सगळ्यांसाठी असला तरी ‘बरं झालं’ म्हणण्याचं काम हळूहळू त्यांच्याकडेच गेलं होतं. आजाराआधी ते छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळं उलटी अक्षरं त्यांना सुलट वाचता येत. वर्तमानपत्र मी वाचत असले तर ते समोरून माझ्याआधी बातमी संपवत आणि वर चुका काढत. फाटकाबाहेर मात्र ते कधी गेले नाहीत. सगळे म्हणत अकरा वर्षं. त्यामागचं कारण लीलाताईंनी मला एकदा सांगितलं. त्यांचा भाऊ एके दिवशी त्यांना म्हणाला होता, “चल दत्तू, जरा जाऊन येऊ,” आणि मनाच्या आजारांच्या इस्पितळाच्या दारात सोडून निघून गेला होता. त्या ‘जाऊन येऊ’मधलं ‘येऊ’ व्हायला नऊ वर्षं लागली, आणि तेही भावानं केलं नाही, लीलाताईंनी त्यांना इथं आणून केलं.

काकांच्या ‘बरं झालं’ला मागचापुढचा विचार नसे. मी सहामाहीला गणितात आपटले आणि रडत पायऱ्या चढले. “आले! नापास झाले!” “बरं झालं!” काका म्हणाले, आणि सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. असं हसणं त्या घरात रोजचं होतं, आणि त्यानंच एके दिवशी माझा घात केला.

त्या वर्षी पुढच्या कोपऱ्यातलं एक कौल निसटून व्हरांड्यात फुटलं. अब्बा वर चढून बघून आले. तीन वासे वाळवीनं पोखरलेले, बाकी लाकूड लोखंडासारखं. पण बातमी बाहेर गेली आणि इमारतींच्या कचेरीतले एक साहेब पाहणीला आले. दुपारची वेळ. लीलाताई औषधं आणायला गेलेल्या, अब्बा लाकडाच्या वखारीत. मी पायरीवर मटार सोलत बसले होते. साहेब पायऱ्या चढले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, “आलो बरं का. आहे का कुणी?”

“बरं झालं!” दत्तूकाका म्हणाले.

साहेब जरा चमकले. “दुरुस्तीसाठी घर रिकामं करायची नोटीस घेऊन आलोय मी.”

“बरं झालं!”

“म्हणजे आपली हरकत नाही?”

‘आलो’ला उत्तर काकांना ठाऊक होतं, याला नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसत होते. गणिताच्या वेळी सगळे हसले होते तशीच. मी म्हणाले, “त्यांचं तसंच असतं.” साहेबांनी काकांना नाव विचारलं. काकांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, छापखान्यातल्या मजकुरासारखं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी काहीतरी लिहिलं, एक कागद दाराच्या चौकटीत खोचला आणि ते गेले. मी पुन्हा मटार सोलायला लागले.

संध्याकाळी लीलाताईंनी तो कागद चौकटीतून काढून वाचला. महिन्याभरात सगळं घर रिकामं करायचं, दुरुस्ती होईपर्यंत रहिवाशांची सोय अन्यत्र. खाली ओळ होती, रहिवाशांची हरकत नाही, श्री. दत्तात्रय अमुक यांनी समक्ष सांगितले. लीलाताईंना पक्कं माहीत होतं, रिकामी केलेली अशी घरं पुन्हा भरत नाहीत. सोळा माणसं सोळा ठिकाणी जातील. सखूबाई दिराकडे. दत्तूकाकांना न्यायला कुणी येणारच नव्हतं, त्यांची ‘अन्यत्र सोय’ म्हणजे पुन्हा तेच इस्पितळ. दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत जाऊन आल्या. साहेब वाईट नव्हते, पण कागदाचे पक्के होते. “बाई, ज्यांनी हरकत नाही म्हटलं, त्यांनीच समक्ष येऊन ते मागं घ्यायला हवं. आठ दिवसांत. तुमच्या म्हणण्यावर मला ते खोडता येणार नाही.”

लीलाताईंनी हे काकांना अगदी सावकाश सांगितलं. काकांनी ऐकलं आणि त्या क्षणापासून त्यांचं बोलणं बंद झालं. ते खुर्चीत बसत, पण कुणी आलं तरी उत्तर देत नसत. पहिल्या दिवशी अम्मी भाजीची पिशवी घेऊन आली आणि पायरीवर उभी राहून तीनदा “आले” म्हणाली. शेवटी लीलाताईंनी आतून उत्तर दिलं, पण ते काही खरं नव्हतं, सगळ्यांना कळत होतं. काकांच्या खोलीत पलंगावर एक पिशवी भरून ठेवलेली होती. दोन सदरे, चष्म्याचं घर, साबणाची वडी.

ती पिशवी मी पाहिली आणि मला पहिल्यांदा लाज काय असते ते कळलं. त्या घरात मी सोडून सगळ्यांना वाटत होतं की चूक काकांची, आणि काकांनाही तेच वाटत होतं. मी तिसऱ्या दिवशी शाळेतून आले ती थेट त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले. म्हटलं, “काका, मी तिथंच होते. साहेबांना मी सांगायला हवं होतं. मी नुसती हसले.”

ते झालरीकडे बघत म्हणाले, “तू हसलीस, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे.”

हे वाक्य त्यांनी रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी तिथंच रडले, आणि रडता रडता म्हणाले की मी तुमच्याबरोबर कचेरीत येते, अब्बाही येतील, आपण साहेबांना सांगू.

“आणि मग?”

“मग परत.”

“परत कुठं?”

“इथं. या खुर्चीत.”

सहाव्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर उभे होते. अब्बांना एवढा आनंद झाला की ते बोलून गेले, “चला काका, जाऊन येऊ!” काका तसेच मागं वळले. अब्बांनी जीभ चावली. त्यांनी काकांचा हात धरला नाही की समजूत घातली नाही. ते कामाची पिशवी घेऊन आले, तिच्यातून आपला रंधा काढला आणि वेताच्या खुर्चीवर ठेवला. आजोबांच्या हातचा तो रंधा, आम्हा मुलांना त्याला बोट लावायची परवानगी नव्हती. “काका, हा इथं राहील,” अब्बा म्हणाले. “याच्याशिवाय माझं पोट चालत नाही. तेव्हा मला तर परत यावंच लागेल. तुम्ही माझ्याबरोबर असाल.” काकांनी रंध्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं आणि ते पायऱ्या उतरले.

रिक्षात ते आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते आणि समोरची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. अकरा वर्षांत दुकानांच्या पाट्या बदलल्या होत्या. त्या ते एकेक करून हळू आवाजात वाचत होते आणि एका मिठाईवाल्याच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय हेही त्यांनी मला सांगितलं. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि कागद पुढ्यात घेतला. “आपण ‘बरं झालं’ म्हणालात की नाही?”

“म्हणालो.”

“मग?”

“तुम्ही ‘आलो’ म्हणालात. आलेल्याला मी बरं झालंच म्हणतो.”

“आणि नोटिशीला?”

“नोटिशीला काही म्हणालो नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी हसले नाही. घराचा नियम सांगितला, मी हसले होते तेही सांगितलं, आणि त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. “अजब घर आहे,” ते म्हणाले. “आता हे मी लिहू कसं?”

काका टेबलावर वाकले. साहेबांच्या पुढ्यातला कागद त्यांना उलटा दिसत होता, पण त्यांना त्याचं काय. “‘रहिवाशांची हरकत नाही,’” त्यांनी खडखडीत वाचलं आणि बोट ठेवलं. “यातलं ‘नाही’ काढा. तिथं ‘आहे’ बसवा. जागा तेवढीच लागते.”

साहेबांनी खरोखरच तो शब्द खोडला, वर ‘आहे’ लिहिलं आणि काकांची सही घेतली. ते झाल्यावर अब्बांनी तोंड उघडलं. छप्पर धोक्याचं आहे हे त्यांना मान्य होतं. “पण साहेब, एक दात काढायला सगळं तोंड रिकामं करत नाहीत. एका वेळी एक खोली उघडतो. त्या खोलीतली माणसं शेजारच्या खोलीत. ती झाली की पुढची.” साहेबांनी कसून प्रश्न विचारले, उघड्या छपराखाली एकानंही झोपायचं नाही अशी अट घातली आणि आठवड्याला स्वतः बघायला येईन असं बजावलं. निघताना काकांनी नमस्कार केला आणि सवयीनं म्हणाले, “येतो.” “नको, नको,” साहेब घाईनं म्हणाले, “आता पुन्हा यायची गरज नाही!”

दुरुस्ती पुढं वर्षभर चालली. बारा खोल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी पलंग, गाद्या, देव, नमाज पढायची जानमाज, सखूबाईंची बियाण्यांची गाडगी, सगळं एक दार पुढं. माणसं इतकी एकमेकांच्या खोल्यांत राहिली की शेवटी कुणाची उशी कुणाची ते कळेना. आज त्या फाटकावर वारसा वास्तू म्हणून पाटी आहे. कॉलेजची मुलं झालर बघायला येतात, फोटो काढतात. आतल्या सगळ्या खोल्या अजून भरलेल्या आहेत. मी आता विश्रांतवाडीत पाचव्या मजल्यावर राहते. आमची लिफ्ट मजल्याचा नंबर इंग्रजीत सांगते, पण कोण आलं ते विचारत नाही. नात रोज ऑफिसला पोचली की फोनवर ‘रीच्ड’ एवढंच लिहिते. मी लिहिते, ‘बरं झालं’. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं, “दादी, इतकं सर्कॅस्टिक का?” तिला सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं, आणि म्हणून शेवट दुरुस्तीवर न करता त्या सकाळवर करते.

परतताना काकांनी रिक्षा वळणावरच थांबवली. उरलेला रस्ता ते चालत आले. फाटक उघडलं, तीन पायऱ्या चढले आणि थांबले. समोर त्यांची खुर्ची, खुर्चीवर अब्बांचा रंधा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस अकरा वर्षांत बाहेर गेलाच नव्हता, त्यामुळं त्यानं ‘आलो’ म्हटलंच नव्हतं. आता काका ‘आलो’ म्हणाले, पण इतकं हळू की शेजारी उभी असून मला जेमतेम ऐकू आलं. व्हरांड्यातून काहीच उत्तर नाही. उत्तर देणारा माणूस पायरीवर उभा होता, आणि बाकी सगळ्यांनी ते काम केव्हाच त्याच्यावर सोपवलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बांनी माझा खांदा दाबला.

मागच्या अंगणातून सखूबाईंचा शेतात हाळी घालायचा आवाज आला. “कोन आलं गं? मोठ्यानं बोला की!”

काकांनी श्वास घेतला. “मी! दत्तू! आलो!”

“बरं झालं!” सखूबाई ओरडल्या. आणि मग स्वयंपाकघरातून अम्मीचं, औषधांच्या खोलीतून लीलाताईंचं, आणि एकेक दार उघडत सगळ्यांचं, कुणी दाढीचा साबण लावलेलं, कुणी अर्धी वेणी घातलेलं, “बरं झालं!” “बरं झालं, काका!” काका मधोमध उभे राहून एकेका दाराकडे बघत होते, जणू प्रत्येकाची पोच घेत होते. ते रडत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. अब्बांनी रंधा उचलला. काका खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अजून पायरीवरच उभी होते. आत जायचा मला धीर होत नव्हता.

“तू का बाहेर?” ते म्हणाले. “म्हण की.”

“आले,” मी म्हणाले.

“बरं झालं,” दत्तूकाका म्हणाले.